मायक्रोग्रिड आणि पॉवर सिस्टीममध्ये संशोधन करिअर कसं करावं? सोप्या भाषेत संपूर्ण माहिती

एक साधा प्रश्न. छतावर सोलर पॅनल बसवलेल्या घरात भर दुपारी लाईट गेली तर काय होतं? बरेच जण म्हणतील, "सोलर आहे ना, मग पंखा चालूच राहणार!" पण बॅटरी नसलेल्या साध्या ऑन-ग्रिड सिस्टीममध्ये तसं होत नाही. वर रणरणतं ऊन, छतावर तीन किलोवॅटची पॅनल्स, आणि खाली पंखा बंद.

हा बिघाड नाही, ही मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. लाईट गेली की वायरमन खांबावर चढतो. लाईन बंद आहे असं समजून तो काम करत असताना तुमचा इन्व्हर्टर मागून वीज ढकलत राहिला, तर त्याच्या जीवावर बेतेल. म्हणून ग्रिड गेली की इन्व्हर्टरने स्वतःहून बंद व्हायचं, असा नियम आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या आयट्रिपलई १५४७ या मानकात त्यासाठी साधारण २ सेकंदांची मर्यादा आहे. याला अँटी-आयलंडिंग म्हणतात.

मग वायरमनही सुरक्षित राहील आणि पंखाही चालू राहील, असं जमेल का? जमेल. त्यासाठी जी व्यवस्था लागते तिचं नाव मायक्रोग्रिड. पण ती स्वस्त, भरवशाची आणि गावोगावी चालणारी कशी करायची, हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. असे न सुटलेले प्रश्न सोडवणं हेच या क्षेत्रातलं संशोधन करिअर. चला, हे क्षेत्र नेमकं काय आहे, त्यात शिरायचं कसं, पैसे किती मिळतात आणि सावध कुठे राहायचं, ते एकेक करून समजून घेऊया.

मायक्रोग्रिड म्हणजे नेमकं काय?

मायक्रोग्रिड म्हणजे विजेचं एक छोटं, स्वतःपुरतं जाळं. एखादं गाव, हॉस्पिटल, कॉलेजचा कॅम्पस किंवा कारखाना एवढी त्याची हद्द असते. त्या हद्दीत वीज तयार करणारे स्रोत असतात (सोलर, बॅटरी, डिझेल किंवा गॅस जनरेटर), वीज वापरणारे असतात आणि या सगळ्यांना एकत्र चालवणारा कंट्रोलर असतो.

तिची खरी ओळख एका स्विचमुळे होते. हा स्विच मायक्रोग्रिड आणि मोठ्या ग्रिडच्या मधोमध असतो. मोठी ग्रिड ठीक असेल तेव्हा स्विच चालू, दोघी जोडलेल्या. मोठी ग्रिड पडली की स्विच उघडतो आणि मायक्रोग्रिड बेटासारखी एकटी चालू लागते. बाहेरच्या लाईनवर वीज जात नाही, त्यामुळे वायरमन सुरक्षित. आत पंखा चालू.

हे फक्त कागदावर नाही. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये मोठा भूकंप आणि त्सुनामी आली. सेंडाई शहरात सगळीकडे वीज गेली होती. पण तिथल्या तोहोकू फुकुशी विद्यापीठाच्या परिसरातल्या मायक्रोग्रिडमुळे रुग्णालय आणि वृद्धांच्या सेवा केंद्राला वीज देता आली. मुळात तो एक संशोधन प्रकल्प होता!

मोठी ग्रिड चालते कशी?

मायक्रोग्रिड कळायची असेल तर आधी मोठी ग्रिड थोडी समजून घ्यावी लागेल.

भारताची ग्रिड ५० हर्ट्झवर चालते. ही फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या आत ठेवायची, असं ग्रिडचे नियम सांगतात. एवढी कमी मोकळीक का? कारण वीज गोदामात भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी वापर, त्या क्षणी निर्मिती. वापर वाढला आणि निर्मिती कमी पडली की फ्रिक्वेन्सी घसरते. दुचाकी घाट चढायला लागली आणि ॲक्सिलरेटर तेवढाच ठेवला तर वेग कमी होतो ना, तसंच.

पण वेग एकदम शून्य होत नाही. रसवंतीचं ते मोठं लोखंडी चाक आठवा. चरकात उसाचं जाड कांडं आलं तरी चाक अडत नाही, स्वतःच्या वजनाच्या जोरावर फिरत राहतं. औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांतले शेकडो टन वजनाचे जनरेटर नेमकं हेच काम करतात. एखादं केंद्र अचानक बंद पडलं तर बाकीच्यांची फिरती चाकं पहिले काही सेकंद सांभाळून घेतात, तेवढ्यात इतर केंद्रं निर्मिती वाढवतात. या गुणाला इनर्शिया म्हणजे जडत्व म्हणतात.

५ एप्रिल २०२० ची रात्र आठवतेय? रात्री ९ वाजता ९ मिनिटं देशभर दिवे बंद करायचे होते. तेव्हा विजेची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॅटने खाली आली. तरी ग्रिड पडली नाही. जलविद्युत केंद्रांनी निर्मिती भराभर कमी केली, नंतर तितक्याच वेगाने वाढवली. त्या काळात फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झच्या दरम्यान राहिली. बाल्कनीत मेणबत्ती धरून उभ्या असलेल्या आपल्याला काही कळलंही नाही, पण लोड डिस्पॅच सेंटरमध्ये बसलेल्या इंजिनिअर्ससाठी ती परीक्षा होती.

नेहमीच असं निभावत नाही. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड एकत्र कोसळली आणि सुमारे ६० कोटी लोकांच्या भागात वीज गेली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबईला मोठ्या ग्रिडपासून वेगळं करून वाचवणारी आयलंडिंग व्यवस्था आधीपासून होती, पण त्या दिवशी ती शहराला वाचवू शकली नाही. आणि २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन्ही देश अंधारात गेले. तिथे व्होल्टेज वाढत गेलं आणि एकामागून एक वीज केंद्रं सुटत गेली.

मग आता नवीन काय घडतंय?

ग्रिडचा स्वभावच बदलतोय. सोलर पॅनलमध्ये फिरणारं काहीच नसतं. पॅनलची डीसी वीज इन्व्हर्टर एसीमध्ये बदलतो आणि ग्रिडला देतो. म्हणजे रसवंतीचं जड चाक हळूहळू कमी होतंय आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअर येतंय.

भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म वीज क्षमतेचं लक्ष्य ठेवलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं लक्ष्य १ कोटी घरांच्या छतांवर सोलर बसवण्याचं आहे. महाराष्ट्रात शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे. म्हणजे इन्व्हर्टर फक्त मोठ्या सोलर पार्कमध्ये नाहीत, तर गल्लीत आणि शिवारातही येतायत.

इथे ढोल-ताशा पथकाचं उदाहरण अगदी चपखल बसतं. पथकात ताशा ठेका देतो, ढोल तो ठेका पकडतात. आज बसवलेले बहुतेक सोलर इन्व्हर्टर हे ढोल आहेत. ग्रिडचा ठेका ऐकायचा आणि त्याच्या मागे वाजवायचं. यांना ग्रिड-फॉलोइंग इन्व्हर्टर म्हणतात. ताशा थांबला तर ढोलांनी कुणाकडे बघायचं? म्हणून स्वतः ठेका धरू शकणारे इन्व्हर्टर हवेत. त्यांना ग्रिड-फॉर्मिंग म्हणतात. मायक्रोग्रिड बेट बनते तेव्हा तिच्यात किमान एक तरी असा "ताशा" लागतोच.

असे अनेक ताशे एकत्र वाजले तर गोंधळ होणार नाही का? शॉर्टसर्किट झालं तर ते काय करतील? ढोल किती आणि ताशे किती असावेत? जगभरातल्या लॅबमध्ये आज यावर काम चालू आहे.

संशोधक नेमकं कशावर काम करतात?

"पॉवर सिस्टीममध्ये संशोधन" हे खूप मोठं नाव झालं. प्रत्यक्षात काम अशा ठरावीक विषयांवर चालतं:

१. कंट्रोल: एका मायक्रोग्रिडमध्ये पाच इन्व्हर्टर असतील तर भार कुणी किती उचलायचा? पालखीचे भोई एकमेकांशी न बोलता खांद्यावरच्या वजनावरून अंदाज घेतात. तसंच प्रत्येक इन्व्हर्टर भार वाढला की स्वतःची फ्रिक्वेन्सी किंचित खाली आणतो आणि भार आपोआप वाटला जातो. याला ड्रूप कंट्रोल म्हणतात. हे सगळं मिलिसेकंदांत चालतं. त्याच्या वर फ्रिक्वेन्सी पुन्हा जागेवर आणणारा थर असतो, आणि सगळ्यात वर खर्चाचं गणित करणारा.

२. प्रोटेक्शन: जुन्या ग्रिडमध्ये फॉल्ट झाला की करंट कितीतरी पट वाढतो, रिले तो ओळखतो आणि ब्रेकर पडतो. इन्व्हर्टर मात्र आपल्या क्षमतेपेक्षा फार जास्त करंट देतच नाही. मग तार तुटून पडली हे रिलेला कळणार कसं? हा थेट माणसांच्या आणि जनावरांच्या जीवाचा प्रश्न आहे.

३. डिस्ट्रिब्युशन: गावाकडच्या लाईनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज कमी मिळतं आणि मोटारी जळतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. आता त्याच लाईनवर दुपारी सोलरची वीज उलटी वाहू लागली तर व्होल्टेज वाढू शकतं. एकाच लाईनवर रात्री कमी आणि दुपारी जास्त! हे सांभाळायचं कसं?

४. स्टोरेज: बॅटरी किती मोठी घ्यायची, ती कधी भरायची, कधी वापरायची आणि तिचं आयुष्य कसं वाढवायचं.

५. अंदाज: उद्या ढग किती असतील, संध्याकाळी मागणी किती वाढेल. इथे मशीन लर्निंग येणाऱ्यांना मोठा वाव आहे.

६. सायबर सुरक्षा: ग्रिड सॉफ्टवेअरवर चालणार असेल तर तिच्यावर हल्लाही सॉफ्टवेअरमधून होऊ शकतो.

७. धोरण आणि दर: वीज कुणाला, किती रुपयांना, कोणत्या नियमाने मिळावी. यासाठी इंजिनिअरच असावं असं नाही. पुण्यातील प्रयास संस्थेचा ऊर्जा गट याच प्रकारचं अभ्यासाचं काम करतो.

ग्रिडला "घड्याळ" देणारे अरुण फडके

या क्षेत्रात एका संशोधकाने काय फरक पडू शकतो, हे बघायचं असेल तर अरुण फडके यांचं काम बघा. जन्म ग्वाल्हेरचा, १९५९ साली आयआयटी खरगपूरमधून पदवी, पुढे अमेरिकेत पीएचडी. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात त्यांनी सहकाऱ्यांसह १९८८ मध्ये पहिलं पीएमयू म्हणजे फेजर मेजरमेंट युनिट तयार केलं.

हे उपकरण करतं काय? तुमच्या मोबाईलमध्ये जीपीएस असतं. आपण त्याचा उपयोग रस्ता शोधायला करतो, पण जीपीएस अत्यंत अचूक वेळही देतं. पीएमयू त्याच वेळेचा शिक्का मारून व्होल्टेज आणि करंट मोजतं. त्यामुळे शेकडो किलोमीटर दूर असलेल्या दोन सबस्टेशनची स्थिती एकाच क्षणी शेजारी ठेवून बघता येते. जुन्या पद्धतीत काही सेकंदांनी एक आकडा मिळायचा, इथे एका सेकंदात २५ किंवा ५० वेळा मिळतो. फोटो आणि व्हिडिओत जेवढा फरक, तेवढा!

२०१२ च्या ब्लॅकआऊटनंतर भारतानेही पीएमयू मोठ्या प्रमाणावर बसवले, आणि त्यांच्या डेटाचं विश्लेषण करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कामात आयआयटी मुंबईचा सहभाग होता. एका लॅबमधली कल्पना देशाच्या कंट्रोल रूमपर्यंत पोहोचायला वीस-पंचवीस वर्षं लागली. या क्षेत्रात संयम लागतो तो असा.

धरनईने काय शिकवलं?

आता दुसरी बाजू. बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचं गाव आहे. अनेक वर्षं तिथे वीज नव्हती. २०१४ मध्ये तिथे १०० किलोवॅटची सोलर मायक्रोग्रिड सुरू झाली आणि देशभर कौतुक झालं. पुढे मोठ्या ग्रिडची वीज गावात आली, ती ग्राहकाला स्वस्त पडत होती. इकडे बॅटऱ्या थकल्या, देखभाल मागे पडली आणि मायक्रोग्रिड वापरातून गेली.

पॅनल्स तर ठीक होती, मग चुकलं काय? बॅटरीचं आयुष्य, दुरुस्तीचा खर्च, विजेचा दर आणि मोठी ग्रिड आल्यावर तिच्याशी जोडून घेण्याची सोय, हे सगळं एकत्र जुळलं नाही. म्हणून लक्षात ठेवा, मायक्रोग्रिडचं संशोधन म्हणजे फक्त सर्किट नाही. दहा वर्षांनीही गावातला दिवा लागतोय का, ही खरी कसोटी.

शिक्षणाचा मार्ग कोणता?

सर्वसाधारण मार्ग असा:

पहिला टप्पा: इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी. इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा कॉम्प्युटरवालेही या क्षेत्रात येतात. दहावीनंतर डिप्लोमा केला असेल तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन पदवी करता येते, त्यामुळे दार बंद झालं असं समजू नका.

दुसरा टप्पा: गेट परीक्षा आणि एमटेक. पॉवर सिस्टीम किंवा पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हे स्पेशलायझेशन. गेटमधून एमटेकला प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. अनेक आयआयटींमध्ये बीटेकनंतर थेट पीएचडीचाही पर्याय आहे, मात्र अटी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात.

तिसरा टप्पा: पीएचडी. साधारण ४ ते ६ वर्षं. इथे तुम्ही एकच प्रश्न घेऊन त्याच्या तळाशी जाता.

चौथा टप्पा: पोस्टडॉक, प्राध्यापकी, सरकारी संशोधन संस्था किंवा कंपनीचा आर अँड डी विभाग.

आणखी एक कमी माहीत असलेला रस्ता आहे. आयआयटी आणि इतर संस्थांमध्ये संशोधन प्रकल्पांवर प्रोजेक्ट असिस्टंट किंवा रिसर्च असिस्टंट नेमतात. वर्षभर असं काम केलं तर पगारही मिळतो आणि संशोधन आपल्याला झेपतं का, आवडतं का, हेही कळतं. पाच वर्षं गुंतवण्याआधी एक वर्ष चाचणी, हा सौदा वाईट नाही.

पीएचडी करताना घर कसं चालणार?

मोकळेपणाने बोलूया, कारण बहुतेक घरांत पहिला प्रश्न हाच येतो.

जानेवारी २०२३ पासून जेआरएफचा दर दरमहा ३७,००० रुपये आणि एसआरएफचा ४२,००० रुपये आहे, शिवाय नियमानुसार घरभाडं भत्ता. पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये ही रक्कम ७०,००० ते ८०,००० रुपये ठेवली गेली होती, पण तिथे निवड कडक असते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्याही पीएचडी फेलोशिप आहेत. जागा, अटी आणि रक्कम बदलत असते, त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षाची जाहिरात मूळ वेबसाईटवरच वाचा. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर विसंबू नका.

तुमचा मित्र आयटीत जाऊन दोन-तीन वर्षांत यापेक्षा जास्त कमवू लागेल. शिवाय फेलोशिपचे पैसे कधी कधी उशिरा येतात. म्हणून किमान तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच सुरुवात केलेली बरी. घरच्यांनाही हे आधीच सांगा, मध्येच धक्का नको.

संधी कुठे आहेत?

महाराष्ट्रात: आयआयटी मुंबईत इलेक्ट्रिकल आणि एनर्जी सायन्स असे दोन्ही विभाग आहेत, आणि २०१० पासून सोलरवर काम करणारं राष्ट्रीय केंद्रही आहे. व्हीजेटीआय मुंबई, व्हीएनआयटी नागपूर, सीओईपी पुणे, वालचंद सांगली आणि एसजीजीएस नांदेड इथेही इलेक्ट्रिकलचं उच्च शिक्षण घेता येतं.

महाराष्ट्राबाहेर: बंगळुरूची आयआयएससी, इतर आयआयटी, बंगळुरूचीच सीपीआरआय ही १९६० साली सुरू झालेली केंद्रीय संशोधन संस्था, तिरुवनंतपुरमचं सीडॅक, वडोदऱ्याची एर्डा, मानेसरमधलं पॉवरग्रिडचं संशोधन केंद्र, ग्रेटर नोएडातलं एनटीपीसीचं नेत्रा आणि हैदराबादमधला भेलचा आर अँड डी विभाग.

ग्रिड चालवणाऱ्या संस्था: राष्ट्रीय पातळीवर ग्रिड-इंडिया, पश्चिम विभागाचं लोड डिस्पॅच सेंटर मुंबईत आणि राज्याचं ऐरोलीत. इथलं काम रोजच्या संचालनाचं असतं, पण संशोधकाला लागणारे खरे प्रश्न इथेच जन्माला येतात.

कंपन्या: पुण्यात ईटन आणि कमिन्स यांची तंत्रज्ञान केंद्रं आहेत. बंगळुरू आणि चेन्नईत हिताची एनर्जी, जीई व्हर्नोव्हा, सीमेन्स, श्नायडर यांसारख्या कंपन्यांचं काम चालतं.

परदेशात: मायक्रोग्रिडसाठी डेन्मार्कचं आल्बोर्ग विद्यापीठ नावाजलेलं आहे. जर्मनीत आखेन, अमेरिकेत व्हर्जिनिया टेक आणि विस्कॉन्सिन. विस्कॉन्सिनच्या रॉबर्ट लॅसेटर यांनी २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मायक्रोग्रिडची आजची कल्पना मांडली. डेन्मार्कमध्ये पीएचडी साधारण ३ वर्षांची असते आणि विद्यार्थ्याला पगारी कर्मचारी मानतात, जर्मनीतही बऱ्याच जागा पगारी असतात. अमेरिकेत बहुधा असिस्टंटशिप मिळते. पीएचडीसाठी लाखोंचं कर्ज काढायला सांगणारा एजंट भेटला तर आधी थांबा आणि विचार करा.

आजपासून काय सुरू करता येईल?

यासाठी कॉलेज संपायची वाट बघायची गरज नाही.

मोबाईलवर: एनपीटीईएलवर पॉवर सिस्टीम आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स मोफत बघता येतात. इलेक्ट्रिसिटी मॅप्स ॲपवर आपल्या भागात वीज कशापासून तयार होतेय याचा अंदाज घेता येतो. महिनाभर रोज दुपारी आणि रात्री बघा, सोलर कधी येतं आणि कधी जातं ते अंगवळणी पडेल.

लॅपटॉपवर: पायथन शिका. पँडापॉवर ही मोफत पायथन लायब्ररी घ्या आणि १४ बसची आयट्रिपलई टेस्ट सिस्टीम चालवून बघा. वितरणाच्या लाईनसाठी ओपनडीएसएस हे मोफत सॉफ्टवेअर आहे. स्वतःचा लॅपटॉप नसेल तर गुगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालतं, लायब्ररीतला कॉम्प्युटरही पुरतो.

घरात: तुमच्या भागात लाईट कधी जाते, किती वेळ जाते, व्होल्टेज किती असतं, याची तीन महिने वहीत नोंद ठेवा. साधं व्होल्टेज दाखवणारं प्लग-इन मीटर पुरे. बोर्ड उघडून तारांशी खेळ मात्र अजिबात नको. अशी नीट ठेवलेली वही मुलाखतीत दाखवली, तर ती कोऱ्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलते.

या तीन गोष्टींपासून सावध राहा

पहिली, पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापणारी जर्नल्स. तिथे छापलेल्या पेपरला चांगल्या संस्थेत किंमत नसते, उलट तो अडचणीचा ठरू शकतो.

दुसरी, फक्त सिम्युलेशनवर समाधान मानणं. स्क्रीनवर प्रत्येक ग्रिड स्थिर दिसते. प्रत्यक्षात सेन्सर चुकतो, नेटवर्क जातं, बॅटरी तापते. म्हणून हार्डवेअरची लॅब असलेला गाईड मिळाला तर प्राधान्य द्या.

तिसरी, नावावरून गाईड निवडणं. अर्ज करण्याआधी त्या गाईडच्या सध्याच्या दोन विद्यार्थ्यांशी बोला. पीएचडीला किती वर्षं लागतायत, विषय बदलावा लागला का, वेळेवर चर्चा होते का, हे तिथेच कळेल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गणित कच्चं असेल तर जमेल का?
मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन आणि प्रोबॅबिलिटी एवढं पक्कं लागतं. आज कच्चं असेल तर वर्षभरात पक्कं करता येतं, पण टाळून चालणार नाही.

एआय आल्यावर हे काम राहील का?
एआय अंदाज आणि विश्लेषण वेगाने करेल. पण ब्रेकर पाडायचा की नाही हा निर्णय सुरक्षित आहे, हे सिद्ध करणारं कुणीतरी लागेलच. उलट एआयवर ग्रिडमध्ये किती भरवसा ठेवायचा, हा स्वतःच संशोधनाचा विषय आहे.

पीएचडी न करता या क्षेत्रात येता येईल का?
नक्की. एमटेकनंतर आर अँड डी कंपन्या, लोड डिस्पॅच सेंटर, रिले आणि सबस्टेशन ऑटोमेशनची कामं मिळू शकतात. स्वतःचा प्रश्न स्वतः ठरवायचा असेल तर मात्र पीएचडी उपयोगी पडते.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना अवघड जातं का?
पेपर इंग्रजीत लिहावे लागतात, त्यामुळे सुरुवातीला वेळ लागतो. पण संकल्पना मराठीत पक्क्या असतील तर इंग्रजी मागून येतं. आधी समजणं, मग लिहिणं.

शेवटी काय लक्षात ठेवायचं?

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी जोडली गेली. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच ठेका आहे. तो जोडणारी तार आपल्या सोलापुरातून गेली. आता पुढचं काम वेगळं आहे. तो ठेका लाखो छोट्या इन्व्हर्टरमध्ये वाटून टाकायचा, आणि तरीही तो चुकू द्यायचा नाही.

म्हणून करिअर निवडताना "पीएचडी करू का" इथून सुरुवात करू नका. आधी प्रश्न निवडा. शेतातली मोटार का जळते? लाईट गेल्यावर सोलर का थांबतं? हॉस्पिटलचा जनरेटर सुरू व्हायला वेळ का लागतो? यातला एखादा प्रश्न तुम्हाला खरंच सतावत असेल, तर त्याचं उत्तर शोधताना लागणारी डिग्री, लॅब आणि गाईड कुठे मिळतील, ते वर सांगितलंच आहे. आणि असा एकही प्रश्न सतावत नसेल, तर नोंदींची वही उद्यापासून सुरू करा. महिन्याभरात एखादा प्रश्न नक्की सापडेल.